मदत हवी आहे: बाळंतपणाच्या तोंडावर डुला ठेवू की थांबवू?

माहेरवाशीण_यवतमाळ

नमस्कार. इथे आजवर नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

पहिलं बाळंतपण, आठवा महिना सरत आलाय, तारीख ऑगस्टअखेरची. हे पुण्याला नोकरीला, मी माहेरी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात. नाव तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घातलंय. पुण्यात असतानाच मैत्रिणीच्या ओळखीने नागपूरच्या एक डुला ठरवल्या होत्या (डुला म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी, धीर देणारी बाई; डॉक्टर-नर्स नव्हे). पॅकेज १५,००० चं, निम्मे दिलेत. आठवड्याला एक व्हिडिओ कॉल, व्हॉट्सअ‍ॅपवर केव्हाही प्रश्न, आणि कळा सुरू झाल्या की त्या गाडी करून येणार. नागपूरहून आमच्या गावाला चार तास, तेही नाल्याला पूर नसला तर.

आधी चांगलं सांगते. कळांची भीती त्यांच्यामुळेच गेली. श्वास कसा सोडायचा, खाटेचा माचा धरून कंबर कशी फिरवायची, कळ आली की कुणी कंबरेच्या खाली तळव्याने दाब द्यायचा, सगळं त्यांनी शिकवलं. मला चटईवर रांगताना पाहून आई आधी हसली, आता रोज तीच माझी कंबर दाबते. रात्री उलटसुलट विचार यायचे तेव्हाही त्यांनी धीर दिला.

आता अडचण. मागच्या तपासणीत एचबी (हिमोग्लोबिन) ९.१ आलं. सिस्टरने कार्डावर लाल पेनाने गोल केला आणि लोहाची सलाईन लावायचं सांगितलं. डुला म्हणाल्या, सलाईन कशाला, खजूर आणि काळे तीळ खा, भाजी लोखंडी कढईत करा. तेही ऐकून घेतलं असतं. पण परवा व्हॉइस नोट आली: ‘बाळ झाल्यावर मांडीत सुई देतात, तिला नाही म्हणायचं. शरीराला आपलं काम करू द्यायचं.’ आशाताईंना ऐकवली तर त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, हे लिहून देणार आहेत का त्या?

आईचं एकच: ‘त्या नागपूरच्या बाईले तुह्या अंगात रक्त किती हाये हे कसं समजते वो? दवाखान्यात मीच राहतो तुह्यापाशी.’ आत्याबाई म्हणतात पैसे दिलेत तर येऊ दे. हे म्हणतात तुझं तू ठरव, म्हणजे काहीच नाही.

सुईचं खरं काय? आणि सरकारी दवाखान्यात डुलाला आत घेतात का?

लेबररूमवाली_सिस्टर

ताई, मी विदर्भातच एका ग्रामीण रुग्णालयात आहे.

आधी सुईचं. औषध एकच, ऑक्सिटोसिन, पण देण्याच्या वेळा दोन. कळा वाढवायला सलाईनमधून देतात ते गरज असेल तरच द्यायचं असतं. कुणी उगाच लावत असेल तर ‘कशासाठी?’ असं तुम्ही बेलाशक विचारा. दुसरी वेळ म्हणजे बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात मांडीत १० युनिट. त्याने गर्भपिशवी आवळते आणि अतिरक्तस्राव टळायला मदत होते. ही सुई सगळ्याच बाळंतिणींना द्यायची असते. गरोदरपणात एचबी ११ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, तुमचं तर ९.१. इतर बाई जेवढं रक्त जाणं सोसते तेवढं तुम्हाला सोसणार नाही. ही सुई नाकारू नका. लोहाची सलाईनही घ्या; तारीख इतकी जवळ आली असताना नुसत्या खजुरावर भागत नाही. खजूर खा, पण सलाईन घेऊन.

नाळेची काळजी असेल तर आम्ही ती लगेच कापत नाही, एक ते तीन मिनिटं थांबतो. पुष्कळ डुलांचा आग्रह खरं तर याचाच असतो.

आत कोण? सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्राने २०१६ सालीच मान्यता दिलीय. पण सोबतीण एकच, नात्यातली बाई, शक्यतो जिची स्वतःची बाळंतपणं झालीत अशी. तिला संसर्गाचा आजार नको, कपडे स्वच्छ हवेत, आणि उपचारात मधे बोलायचं नाही. डुलाबाई यात बसतात का हे तुमच्या दवाखान्यालाच विचारा, आणि आत्ताच विचारा. कळा देत दारात उभं राहून भांडायची ही गोष्ट नाही.

सिकलसेलची, म्हणजे त्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली ना? आपल्या भागात विचारावंच लागतं.

जुनं_ते_सोनं

आमच्या आज्या शेतात बाळंत होऊन संध्याकाळी भाकरी थापायच्या. ही सगळी थेरं आहेत.

लेबररूमवाली_सिस्टर

ज्या थापायला उरल्या त्यांच्याच गोष्टी तुमच्यापर्यंत आल्या, दादा.

कोथरूडकर_आई

माझी डुला फार चांगली होती, म्हणून तिची बाजू घेऊनच लिहिते. तपासणी करणार नाही, औषधाबद्दल हो-नाही सांगणार नाही, हे तिने पहिल्याच भेटीत कागदावर दिलं होतं. तुमच्या बाईंनी ती रेघ ओलांडलीय. मनपसंत सोबत असावी असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये सांगितलंय, पण ती सोबत पैसे देऊनच आणली पाहिजे असं कुठे आहे? कंबर दाबायला आई शिकल्याच आहेत. उरलेल्या कॉलमध्ये त्यांनाच शेजारी बसवा.

चामोर्शीची

नाल्याचं मनावर घ्या. आमच्या गडचिरोलीत दूरच्या गावच्या बायकांना तारखेच्या आधी दवाखान्याजवळच्या सरकारी माहेरघरात आणून ठेवतात ते याचसाठी. दारव्ह्यात कुणी नातलग असेल तर पोळ्याची वाट न बघता तिकडे जा. १०२ आणि १०८ दोन्ही नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घाला, गाडीला पैसे लागत नाहीत.

माहेरवाशीण_यवतमाळ

सगळ्यांचे आभार. सिकलसेल निगेटिव्ह आहे. सलाईन लावून घ्यायला सुरुवात केली.

दवाखान्यात विचारलं. एकच बाई, नात्यातली. आई ऐकून इतकी खूश झाली की लगेच धुतलेली दोन लुगडी पिशवीत भरून ठेवली. डुलांना फोनवर सरळ विचारलं, कोणती सुई म्हणत होता? मला वाटलं कळांची म्हणतील. पण त्या म्हणाल्या, दोन्ही, मी बळजबरी करत नाही, पण माझं मत तेच आहे. म्हणजे गैरसमज वगैरे काही नव्हता. आता त्यांना बाळंतपणाला बोलवायचं नाही हे नक्की. तारखेच्या आधी दारव्ह्याला मावशीकडे जाणार.

व्यायामाचे कॉल मात्र चालू ठेवावेसे वाटतात, आईपण बसते. एवढं मनापासून शिकवलेल्या बाईंना हे सांगायचं कसं, आणि उरलेल्या पैशांचं काय करायचं?

कोथरूडकर_आई

जेवढं घेतलं तेवढ्याचे द्यायचे. येण्या-जाण्याचे आणि बाळंतपणाच्या दिवसाचे वजा करायला सांगा. फोन नको, बोलण्यात विरघळाल. असं लिहून पाठवा: ‘ताई, दवाखान्यात एकाच नातेवाईक बाईला परवानगी आहे, त्यामुळे आई राहील. औषध-सुईचं डॉक्टर सांगतील तसं करणार आहे, त्यावर आपण बोलायला नको. श्वासाचे आणि कमरेचे कॉल चालू ठेवायला आवडेल, आईलाही शिकवा. त्याप्रमाणे हिशोब कळवा.’ पुन्हा सुईवर आल्या तर कॉलही बंद करा.