मँड्रेल न वापरता दोन सेंटरांमध्ये पेन खरादता येईल का?

बागेतला_खरादी (वरूड तालुका)

सर्वांना नमस्कार. आमच्याकडे जुनी संत्राबाग मोडली की तिची खोडे बहुधा चुलीत जातात. त्यातले न तडकलेले, सरळ तुकडे टोकांना मेण लावून सावलीत वाळवतो आणि त्यांची पेने करतो. लाकूड पिवळसर, बारीक पोताचे आहे आणि धारदार पटाशीखाली फार स्वच्छ कापले जाते.

अडचण अशी आहे की आत ७ मिलिमीटरची पितळी नळी चिकटवलेली लाकडाची दोन्ही नळकांडी एकाच मँड्रेलवर, म्हणजे आरपार जाणाऱ्या पोलादी दांड्यावर, चढवून खरादली, की मधल्या बुशाजवळ (बुश म्हणजे नळकांड्याच्या टोकाशी लावायचे, खरादायचा व्यास दाखवणारे लोखंडी कडे) लाकूड एका बाजूने बुशाला भिडते आणि समोरच्या बाजूने किंचित उंच राहते. पेन जोडल्यावर मधल्या कड्यापाशी नखाला पायरी लागते. मँड्रेल काढून टाकून नळकांडे थेट दोन सेंटरांमध्ये, म्हणजे लेथच्या दोन्ही बाजूंच्या टोकदार आधारांमध्ये, धरावे, असे वाचनात आले. माझ्या लेथच्या दोन्ही बाजूंना मोर्स टेपर क्रमांक २ (सेंटर बसवायचे निमुळते भोक) आहे आणि सोबत चार दातांचे सेंटर व एक रिव्हॉल्व्हिंग, म्हणजे कामासोबत फिरणारे, सेंटर मिळाले होते. एवढ्यावर काम भागेल का, आणि जुने बुश चालतील का?

निवृत्त_शिल्पनिदेशक (अमरावती)

भाऊ, पायरी मधल्या बुशाजवळ सर्वांत जास्त आहे, हे आपण लिहिले ते बरे केले, कारण दोष कुठे आहे ते त्यावरूनच कळते. हेडस्टॉककडच्या, म्हणजे लेथच्या फिरवणाऱ्या बाजूच्या, टोकाला जास्त असती, तर टेपरमधला कचरा किंवा स्पिंडलचा (फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा) हेलकावा शोधावा लागला असता. मध्ये जास्त आहे, म्हणजे दांडा वाकतो आहे. पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा तो दांडा दोन नळकांडी आणि तीन बुश घेऊन बराच लांब झालेला असतो. टेलस्टॉकचे, म्हणजे समोरच्या सरकत्या आधाराचे, चाक जरा जास्त फिरवले की दोन्हीकडून दाबलेल्या दांड्याला मध्ये फुगण्याखेरीज मार्ग उरत नाही. त्यात बुशाचे भोक झिजून दांड्यापेक्षा एक दशांश मिलिमीटर मोठे झाले असेल, तर तेवढ्यानेही नळकांडे अर्धा दशांश बाजूला सरकते आणि नखाला ते जाणवते.

सेंटरांमध्ये एका वेळी एकच आखूड नळकांडे धरले जाते आणि आत वाकायला दांडाच नसतो. त्यासाठी हेडस्टॉकमध्ये ६० अंशांचे डेड सेंटर (बेअरिंग नसलेले, एकसंध) आणि टेलस्टॉकमध्ये ६० अंशांचेच रिव्हॉल्व्हिंग सेंटर हवे. चार दातांचे सेंटर इथे निरुपयोगी आहे. लाकडाच्या लेथसोबत मिळणाऱ्या रिव्हॉल्व्हिंग सेंटरचा कोन ६० अंशांचाच असेल असे नाही, म्हणून तो मापूनच घ्यावा. लोखंडकामाच्या लेथची सेंटरे मात्र याच कोनाची असतात आणि टेपर क्रमांक २ मध्ये सहज मिळतात. दोन्ही बसवल्यावर त्यांची टोके एकमेकांजवळ आणून पाहावीत. ती समोरासमोर येत नसतील, तर आधी टेलस्टॉक जुळवावा.

जुने बुश चालतील, पण त्यांचे भोक सरळ असल्याने सेंटर फक्त भोकाच्या काठावर टेकते आणि तो काठ लवकर झिजतो. जवळ एखादा टर्नर असेल, तर त्याच्याकडून नवे बुश करून घ्या. सळई चकमध्ये धरून तोंड साफ करावे, सेंटर ड्रिलने ६० अंशांचा खळगा पाडावा आणि सळई न सोडता त्याच पकडीत बुशाचा बाहेरचा व्यास व त्यामागे नळीत शिरणारी मान काढून मगच तुकडा कापावा. बुश उलटा धरून खळगा दुसऱ्या पकडीत पाडला, तर तीन जबड्यांच्या चकची चूक त्यात उतरते आणि सगळा खटाटोप वाया जातो. कामगार हे हमखास टाळू पाहतो, कारण उलटे धरून काम लवकर होते. समोर उभे राहून करून घ्यावे.

धान_पट्ट्यातली_पेनवाली (भंडारा)

सरांचे म्हणणे योग्यच आहे, पण नवी सेंटरे घेण्याआधी नळकांड्यांची टोके तपासावीत असे मला वाटते. टोक नळीशी काटकोनात नसेल, तर बुश एका कडेवरच टेकतो. मँड्रेलवर नट आवळल्यावर हाच तिरकेपणा दांड्याला वाकवतो आणि सेंटरांमध्ये तोच बुशाला तिरपा करतो, म्हणजे पद्धत बदलली तरी दोष तिथेच राहतो. नळी चिकटवल्यावर टोक सपाट करणारा कटर हलक्या हाताने चालवावा आणि पितळ चमकू लागताच थांबावे. नळीच्या आत गोंद राहिला असेल, तर तो आधी खरवडून काढावा, कारण बुशाची मान त्यावर अडकून वाकडी बसते.

संत्र्याच्या लाकडाबद्दल आणखी एक सांगते. उंची एका बाजूला नसून समोरासमोरच्या दोन बाजूंना लागत असेल, तर सेंटर किंवा मँड्रेलला दोष देऊ नका. लाकूड अजून सुकते आहे आणि नळकांडे लंबगोल होते आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे फार दिसते. अशा लाकडाला जरा जाड खरादून बाजूला ठेवावे आणि शेवटचा हात नंतर फिरवावा.

बागेतला_खरादी

ताई, उंची एकाच बाजूला आहे. टोके मात्र गुण्यात (काटकोन तपासायच्या साधनात) धरून पाहिली तेव्हा एका नळकांड्याचे टोक तिरके निघाले. सर, सेंटरांमध्ये नळकांडे फिरवते कोण? नुसत्या दाबावर ते घसरणार नाही का? आणि शेवटी लाकडावर चकाकीसाठी सुपर ग्लूचा थर चढवताना बुश चिकटतात, त्याचे काय करावे?

निवृत्त_शिल्पनिदेशक (अमरावती)

घर्षणच फिरवते आणि पेनाच्या कामाला ते पुरते. हाताने धरल्यावर घसरणार नाही इतकाच दाब द्यावा आणि काप हलका घ्यावा. पटाशी अडकली, तर नळकांडे जागीच थांबते आणि लाकूड फुटण्यापासून वाचते, हा मला या पद्धतीचा फायदाच वाटतो. मशीन चालू असताना टेलस्टॉक मागे घेऊ नका, कारण डेड सेंटरला टेपरमध्ये दाबून धरणारा जोरच निघून जातो. बुश न लावता नळीचे तोंड थेट सेंटरवर टेकवणारेही आहेत. मापे व्हर्नियरने घेऊन शेवटच्या हलक्या हातापुरते ते चालते, पण दाब वाढला तर पातळ पितळ तोंडाशी पसरते आणि मग निब किंवा क्लिपचा भाग सैल बसतो.

धान_पट्ट्यातली_पेनवाली (भंडारा)

चिकटण्याबद्दल मी सांगते. लोखंडी बुश काढून ठेवायचे आणि थर देण्यापुरते प्लास्टिकचे शंकू लावायचे. भाजी चिरायचा पांढरा पॉलिथिनचा पाट मिळतो, त्याचा तुकडा खरादून असे शंकू घरीच होतात. सुपर ग्लू त्याला धरत नाही आणि थोडा लागलाच तर टिचकीने निघतो. शंकू नळीच्या तोंडातच टेकत असल्याने लाकडाची कड मोकळी राहते आणि थर अगदी टोकापर्यंत जातो. पॉलिश पेपर मारताना वेग कमी ठेवा, कारण पितळ तापले की आतला गोंद सुटतो आणि संत्र्याच्या लाकडाला बारीक तडे जातात.