बाबांच्या 'कोरोना पिशवी'तल्या नोटा आता कुठे बदलायच्या?

माळ्यावरची पेटी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. हसलात तरी चालेल पण उत्तर द्या.

साताऱ्याचं घर रंगवायला काढलंय म्हणून गेल्या रविवारी माळा रिकामा केला, तर जुन्या ट्रंकेत एक प्लास्टिकची पिशवी निघाली, सुतळीनी करकचून बांधलेली आणि वर बाबांच्या अक्षरात मार्करनी 'कोरोना. हात लावू नये. १४ दिवस.' खाली तारीख २१ मार्च २०२०. त्या १४ दिवसांचं पुढे काय झालं ते कोणालाच आठवत नाही.

झालं असं होतं की आई-बाबा दुबईला भावाकडे गेलेले आणि मार्चमधे परत आले. आता ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले पेशंट सापडले ते पण दुबईहून आलेले, त्यामुळे आमची आख्खी आळी यांच्याकडे असं बघायची की जणू यांनीच तो बॅगेत घालून आणलाय. समोरच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवायचा आणि पैसे बाहेरच्या डब्यात टाका म्हणायचा, डब्यात डेटॉलचं पाणी!! मग बाबांनी प्रवासात हाताळलेली सगळी कॅश क्वारंटाईन केली. त्याआधी आईनी तीन नोटांवर सॅनिटायझर मारून वरून इस्त्री फिरवली होती, त्यातली एक करपल्यावर बाबांनी तो प्रयोग बंद पाडला.

तर पिशवीतला माल असा: २००० च्या चार, ५०० च्या अकरा (त्यात आईच्या इस्त्रीच्या तीन), १०० च्या काही आहेत पण त्या ओल धरून एकमेकींना चिकटून वडी झालीये, आणि ६४० दिरहम. बाबांची यादी पण आत आहे, त्यात ५०० च्या बारा लिहिल्यात, पण निघाल्या अकरा, असो.

२००० च्या तर बंद झाल्या ना? की पाण्यात गेले ८ हजार? करपलेली कोण घेतं? आणि दिरहम इतकी वर्षं घरात ठेवले म्हणून काही लफडं होईल का? बाबा म्हणतात "सेफ ठेवल्यात ना, मग झालं."

तूरडाळ

हसलो, सॉरी 😄 पण आमच्या दुकानात याहून भारी प्रकार होते. किराणा अत्यावश्यक म्हणून आमचं शटर अर्धं उघडं असायचं. लांब दांड्याचा झारा होता वडे तळायचा, त्यात गिऱ्हाईकानी नोट ठेवायची आणि त्यातच सुट्टे परत. आलेल्या नोटा रात्री गच्चीवर दोरीला चिमटे लावून, सकाळी ऊन खाऊन दुपारी गल्ल्यात. एकदा वारा सुटला आणि २० च्या पाच-सहा नोटा शेजारच्यांच्या पत्र्यावर. शेजारी म्हणे आम्ही हात लावणार नाही, तुमचं तुम्ही या. आता विचार करा, कोणी पडलेली नोट उचलायला तयार नाही, असे दिवस परत येणार नाहीत.

बाकी गूगलपे आमच्याकडे तेव्हाच आलं, पोरानी कागद चिकटवला काउंटरवर. तरी म्हातारी माणसं कॅशच द्यायची.

काउंटर नं ३

३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅशला, २०२२ ला रिटायर झालो. एकेक करून सांगतो, घाई करू नका.

२००० ची नोट: बंद झालेली नाही. १९ मे २०२३ ला रिझर्व बँकेनी ती चलनातून मागे घेतली एवढंच, कायदेशीर आजही आहे. ब्रांचमधे बदलायची मुदत आधी ३० सप्टेंबर आणि मग ७ ऑक्टोबर २०२३ पर्यंत होती, ती संपली. आता फक्त रिझर्व बँकेची १९ इश्यू ऑफिसं, आपल्याकडे मुंबई, बेलापूर आणि नागपूर. पुण्याला नाही, लोक उगाच पुण्याला जाऊन परत येतात. साताऱ्याहून बेलापूर लांब वाटत असेल तर पोस्टानी पण पाठवता येतात, फॉर्म, ओळखपत्राची झेरॉक्स आणि खात्याचे डिटेल्स जोडायचे, पैसे खात्यात जमा होतात. पाकिटावर बाबांच्या अक्षरातलं ते वाक्य मात्र लिहू नका, नाहीतर तिथे कोणी उघडणार नाही.

करपलेली ५०० ची: नोट किती करपलीये त्यावर आहे. नुसता डाग किंवा पिवळी पडलेली असेल तर ती मळकी नोट, कुठल्याही सरकारी बँकेत मिळते बदलून, खातं असायलाच पाहिजे असं नाही. तुकडा गेला असेल तर ती फाटकी नोट, मग मोजमाप लागतं. ५० आणि वरच्या नोटांना जो सगळ्यात मोठा अखंड तुकडा आहे तो ८० टक्क्यांच्या वर भरला तर पूर्ण पैसे, ४० ते ८० मधे असेल तर निम्मे, त्याखाली काही नाही. ५०० ची नोट १५ सेंटीमीटर लांब आणि ६.६ रुंद, घरीच ग्राफ पेपरवर ठेवून चौकोन मोजा. चिकटपट्टी लावू नका आणि कोपरे कापून 'नीट' तर अजिबात करू नका, मुद्दाम कापलेली दिसली की ती नोट नाकारू शकतात.

१०० ची वडी: सोलायला जाऊ नका, पाण्यात तर मुळीच घालू नका. चिकटून सुट्या न होणाऱ्या, जळून कोळसा झालेल्या, हात लावला की भुगा होणाऱ्या नोटा ब्रांच घेत नाही, त्या थेट इश्यू ऑफिसला जातात, तिथे वेगळी पद्धत आहे तपासायची. म्हणजे बेलापूरला जायचंच असेल तर एकाच फेरीत २००० च्या आणि ही वडी दोन्ही करा.

आणि आईंना सांगा, सॅनिटायझर मारलेल्या नोटेवर गरम इस्त्री म्हणजे नोट करपली हे नशीब, सॅनिटायझरमधे अल्कोहोल असतं, भडका उडाला असता.

आता बाबांबद्दल. त्यांना हसू नका हो. ते १४ दिवस त्यांच्या मनचे नाहीत, फेब्रुवारी २०२० मधे चीनच्या मध्यवर्ती बँकेनी हेच केलं होतं, जिथे साथ जास्त तिथली कॅश अल्ट्राव्हायोलेट नाहीतर उष्णता देऊन १४ दिवस बाजूला ठेवायची, बाकी ठिकाणची ७ दिवस, मगच बाजारात सोडायची. अमेरिकेची फेडरल रिझर्व पण आशियातून परत आलेले डॉलर ७ ते १० दिवस वेगळे ठेवत होती. कोरियात लोकांनी मायक्रोवेव्हमधे आणि वॉशिंग मशीनमधे नोटा घातल्या आणि मग करपलेल्या-फाटलेल्या नोटा घेऊन तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या दारात. आईंची इस्त्री त्यापुढे काहीच नाही.

आमच्या ब्रांचमधलं सांगतो. एप्रिल २०२०, बँक १० ते २. छतापासून प्लास्टिकचा पडदा सोडलेला, त्याला खाली फक्त हात जाईल एवढी फट. गिऱ्हाईकाला ऐकू यायचं नाही म्हणून तो पडदा वर करून आत तोंड घालून विचारायचा, "काय म्हणालात सायेब?" झालं पडद्याचं काम. हातमोजे घालून नोटा मोजता येत नाहीत, दोन-दोन सरकतात, संध्याकाळी कॅश टॅली होईना म्हणून तिसऱ्या दिवशी काढून टाकले. ओल्या स्पंजची वाटी उचलून ठेवली, पण ३० वर्षांची सवय, अंगठा आपोआप जिभेकडे जायचा आणि मास्कवर आपटायचा. समोरचा तर मास्क खाली ओढून, थुंकी लावून, मोजून माझ्याच हातात द्यायचा. मोजायचं मशीन चालू केलं की नोटांची धूळ सरळ तोंडावर उडते, त्याची आधी कधी जाणीवच नव्हती.

एक आजी रोज म्हणायच्या "ती निळी लाईट दाखवा नोटेला, मग द्या." त्यांना वाटायचं त्यानी जंतू मरतात. तो खोट्या नोटा ओळखायचा दिवा, त्यानी फक्त नोटेतले धागे चमकतात, विषाणू मारायला वेगळ्या जातीचे किरण लागतात. पण मी दाखवायचो. त्या खुश, रांग पुढे.

अंगठा लावा

काउंटर काका, रांगेचं मी सांगते. मी बार्शीकडे खेड्यात बँकमित्र आहे, म्हणजे बँकेच्या वतीनी गावातच पैसे देते-घेते. जनधन खातं असलेल्या बायकांना एप्रिल ते जून दर महिन्याला ५०० रुपये सरकारनी टाकले होते ना, त्याचं वेळापत्रक ठरलेलं, खात्याचा शेवटचा आकडा ० नाहीतर १ असेल तर ३ एप्रिलला, २-३ वाल्यांनी ४ ला, असं करत ८-९ वाल्यांनी ९ तारखेला. कागदावर लई भारी. पण गावात कोणीतरी उठवलं की आत्ता काढले नाहीत तर मोदी पैसे परत घेणार, मग काय, सगळे आकडे पहिल्याच दिवशी माझ्या दारात, सकाळी ६ ला. खडूचे गोल आखलेले, त्यात बायकांनी चपला आणि पिशव्या ठेवल्या आणि स्वतः झाडाखाली एकमेकींना खेटून बसल्या, म्हणजे अंतर चपलांनी पाळलं!

आणि नोटेचं काय घेऊन बसलात, माझं मशीन अंगठ्यावर चालतं. दिवसाला शंभर अंगठे एकाच काचेवर. प्रत्येकीनंतर पुसायचं, ओल्या बोटाचा ठसा येत नाही म्हणून ती पदराला पुसायची, तरी उमटेना मग दुसरं बोट, मग तिसरं. खुरपून खुरपून बोटाच्या रेघाच गेलेल्या असतात. एकेकीला चार-पाच वेळा काच दाबायला लागायची, ५०० रुपयांसाठी. मला तेव्हा मास्कचे पण पैसे कोणी दिले नाहीत, कमिशन मात्र नेहमीचंच.

काउंटर नं ३

ताई बरोबर बोललात. नंतर जे संशोधन आलं त्यातही हेच निघालं. ऑस्ट्रेलियात २० डिग्रीला अंधारात नोटांवर हा विषाणू २८ दिवस टिकला म्हणून ऑक्टोबर २०२० ला केवढी बोंब झाली, पण त्याच प्रयोगात ४० डिग्रीला ४८ तासांच्या पुढे टिकला नाही हे कोणी फॉरवर्ड केलं नाही. बार्शीच्या एप्रिलमधे काय टिकणार? पुढे जर्मनीतल्या बोखुमच्या विद्यापीठानी युरोपच्या मध्यवर्ती बँकेबरोबर नोटा-नाणी तपासली आणि कॅशमधून लागण व्हायचा धोका फार कमी असंच सांगितलं. आमच्या ब्रांचमधे दोघं गेले दुसऱ्या लाटेत, त्यातला एक कॅशला नव्हताच, लोन डेस्कला होता, बंद एसी खोलीत दिवसभर माणसं समोर.

आणि गंमत बघा, नोटेला घाबरणाऱ्याच लोकांनी नोटा घरात साठवल्या. मार्च २०२० ला देशात २४.२१ लाख कोटींच्या नोटा फिरत होत्या, वर्षभरात २८.२७ लाख कोटी झाल्या. हॉस्पिटलनी रात्री दोनला पैसे मागितले तर काय, हा एकच विचार प्रत्येकाच्या डोक्यात. आम्ही एटीएम भरायचो आणि चार तासात रिकामं.

करामा कट्टा

दिरहमचं मी सांगतो, १६ वर्षं दुबईत आहे. लफडं काही नाही, परत आल्यावर उरलेलं परकीय चलन १८० दिवसात बँकेत किंवा अधिकृत मनी चेंजरला द्यायचं हा नियम आहे खरा, पण २००० डॉलरपर्यंतची कॅश घरी ठेवायला परवानगी आहे. दिरहम डॉलरला बांधलेला, एका डॉलरला ३.६७२५, म्हणजे तुमचे ६४० म्हणजे पावणेदोनशे डॉलरच्या आत, बाबांना बिनधास्त झोपू द्या. डिसेंबर २०२१ पासून इकडे पॉलिमरच्या नव्या नोटा आल्यात पण जुन्या कागदी चालतात. पुण्यात मनी चेंजर ओलसर नोट बघून नाक मुरडेल आणि रेटमधे कापेल, त्यापेक्षा भाऊ अजून इकडे असेल तर पुढच्या वेळी आला की त्याच्याकडेच द्या.

२०२० मधे इकडे माझ्या रूममधले लोक पगार कॅश घेऊन बसले होते, गावी पाठवायला बाहेर पडायची भीती. मी एकानंतर एक सात जणांच्या मोबाईलवर ऍप टाकून दिलं, तेव्हापासून मला रूमवर 'मॅनेजर' म्हणतात.

माळ्यावरची पेटी

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. ५०० च्या आठ धडधाकट होत्या त्या सरळ खात्यात भरल्या. इस्त्रीच्या तीनपैकी दोन नुसत्या पिवळ्या, लगेच बदलून मिळाल्या. करपलेलीचे ग्राफ पेपरवर ७१ चौकोन भरले म्हणजे २५० चीच, काउंटरवरच्या मुलीनी पण मोजून तेच सांगितलं. २००० च्या आणि वडी घेऊन पुढच्या आठवड्यात बेलापूरला जातोय, बाबा पण येणार म्हणतायत, त्यांना तिथे यादी दाखवायचीये.

बाराव्या नोटेचा पण छडा लागला. यादीवरून घरात वाद चालू होता तेव्हा आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "ती मी सहाव्या दिवशी काढली. दूधवाल्याचे द्यायचे होते. परत सुतळी बांधली की तशीच."