मायला खीर भवानीला न्यायचे आहे. झऱ्याच्या रंगाबद्दल विचारायचे होते

पैनगंगाकाठ (ता. मेहकर, जि. बुलढाणा)

सर्वांना नमस्कार. माझ्या मायचे वय एकाहत्तर आहे. दरवर्षी नवरात्रात ती लोणारच्या कमळजा देवीच्या दर्शनाला जाते आणि गुडघे दुखत असले तरी विवरात उतरून काठापर्यंत जाण्याचा नेम तिने अजून मोडलेला नाही. यंदा अक्षय तृतीयेनंतर, मृग लागण्याआधी शेतात काम नसते तेव्हा, तिला काश्मीरमधील खीर भवानीला न्यावे असे मी ठरवले आहे, कारण तिथे देवीचे ठाणे झऱ्याच्या पाण्यातच आहे हे ऐकल्यापासून तिने तोच ध्यास घेतला आहे.

अडचण अशी झाली की, त्या झऱ्याचे पाणी रंग बदलते आणि ते काळे पडले तर संकट येते, असे भजनाला आलेल्या एका बाईंनी तिला सांगितले. तेव्हापासून ती मला रोज विचारते, "आपण गेलो त्याच दिवशी पाणी काळं दिसलं तर?" खोटे बोलून तिला नेणे मला बरोबर वाटत नाही. ज्यांनी दर्शन घेतले आहे त्यांनी तिथे प्रत्यक्ष काय दिसते ते कृपया सविस्तर लिहावे. ओटी भरता येते का आणि चालणे किती पडते, हेही कळवावे.

निवृत्त शिक्षक, दारव्हा

भाऊ, आम्ही उभयता दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातच गेलो होतो, त्यामुळे पाहिलेलेच लिहितो.

खीर भवानीचे तुलमुल हे गाव गांदरबल जिल्ह्यात, श्रीनगरपासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. मंदिर सपाट जमिनीवर असल्यामुळे लोणारसारखी उतरण तिथे नाही. प्रवेशद्वारावर सुरक्षा दलाची तपासणी होते, म्हणून ओळखपत्र वर काढून ठेवा. आत मोठमोठ्या चिनारांची गार सावली आहे आणि फरसबंदी अंगणाच्या मधोमध कठडा घातलेले कुंड आहे. देवीचे लहानसे संगमरवरी देऊळ त्या पाण्यातच उभे आहे. भाविकांना देवळात जाता येत नाही. कठड्यापाशी उभे राहूनच दूध, खीर, फुले आणि खडीसाखर पाण्यात अर्पण करायची. ओटीचा खण-नारळ आम्ही पुजाऱ्यांच्या हाती दिला आणि त्यांनी तो आदराने घेतला. तिथे मांसाहार करून आत जात नाहीत, हे सोबतच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावे.

आता रंगाविषयी. आम्ही पाहिले तेव्हा पाणी दुधात थोडा हिरवा रंग कालवावा तसे होते. त्यावर गुलाबाच्या पाकळ्या तरंगत होत्या आणि एका कोपऱ्यात खालून बुडबुडे येऊन त्या पाकळ्या हळूच बाजूला सरकत होत्या. माझ्या शेजारी जम्मूहून आलेल्या एक वृद्ध काश्मिरी पंडित आजी होत्या. त्यांनी हात जोडण्याआधी पाण्याकडे बराच वेळ पाहिले आणि मगच डोळे मिटले. मी त्यांना तुमच्या मायचाच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या की, रंग ही देवीने सगळ्या खोऱ्याला दिलेली सूचना असते, दर्शनाला आलेल्या एकट्या-दुकट्याच्या घराची ती कुंडली नव्हे. १९९० मध्ये ज्यांना घरदार सोडावे लागले त्या समाजातल्या बाईंचे हे बोलणे मला फार वजनाचे वाटले. पाणी कसेही असले तरी दर वर्षी येतोच, असेही त्या म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट मायला अवश्य सांगा. स्वामी विवेकानंद १८९८ मध्ये सप्टेंबरच्या अखेरीस इथे येऊन राहिले आणि रोज खिरीचा नैवेद्य दाखवत होते. आजचे देऊळ तेव्हा नव्हते. ते महाराजा प्रतापसिंहांनी १९१२ च्या सुमारास बांधवले. पूर्वीच्या मंदिराची पडझड पाहून, आपण असतो तर आईचे रक्षण केले असते, असे स्वामीजींच्या मनात आले. तेव्हा, तू माझे रक्षण करतोस की मी तुझे, असे देवीनेच विचारल्याचा अनुभव त्यांना आला, अशी नोंद आहे. तुमच्या मायला पाण्याची जी भीती वाटते, तिच्यावर मला यापेक्षा चांगले उत्तर सापडलेले नाही.

लोणारवासी

दारव्ह्याच्या गुरुजींनी श्रद्धेच्या अंगाने लिहिले आहे. मी आमच्या सरोवराची आठवण करून देतो, कारण तुमची माय त्याच काठावर येणारी आहे. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा आमच्या गावातही लोक धास्तावले होते. त्यात टाळेबंदीचे दिवस. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे सांगितले. उन्हाने पाणी आटले होते, क्षार वाढले होते. पाऊस पडल्यावर रंग ओसरला. कमळजेवरची कोणाची श्रद्धा त्यामुळे उणावली नाही.

तुलमुलचे पाणी गोडे आहे, त्यामुळे तिथले कारण हेच असेल असे मी म्हणत नाही. परंतु ज्या कुंडात रोज दूध, खीर आणि फुले पडतात, ज्यावर चिनारांची सावली फिरते आणि ज्यात खालून सतत नवे पाणी येते, त्याचा रंग एकच राहावा अशी अपेक्षा का ठेवावी? काश्मिरी भाषेत झऱ्याला 'नाग' म्हणतात. अनंतनाग, वेरीनाग, कोकरनाग ही गावांची नावे त्यावरूनच आली. आपल्याकडे लोणारच्या धारेवर आंघोळ करताना कोणी पाण्याचा रंग पाहत नाही, ते अखंड वाहते याचेच नवल करतो. मायला धारेची आठवण द्या.

प्रवासी, बल्लारशाह

प्रवासापुरते लिहितो. चेन्नईहून कटऱ्याला जाणारी अंदमान एक्सप्रेस बल्लारशाह व नागपूरमार्गे जाते. तुम्हाला मेहकरहून समृद्धी महामार्गाने नागपूर गाठणे सोयीचे पडेल. कटरा ते श्रीनगर वंदे भारत जून २०२५ पासून सुरू झाली असून ती सुमारे तीन तासांत पोहोचवते, त्यामुळे वयस्कर माणसाला घाटातला मोटारप्रवास टळतो. ज्येष्ठ शुद्ध अष्टमीला तुलमुलला मोठी यात्रा भरते. उत्सव पाहण्याजोगा असला तरी गुडघेदुखी असताना तो दिवस टाळून दोन-चार दिवस आधी जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैनगंगाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. गुरुजींचा मजकूर काल दिवेलागणीला मायला वाचून दाखवला. स्वामीजींची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली, त्या जम्मूच्या आजींना मुले किती असे विचारले, आणि मग काही न बोलता आत गेली. आज सकाळी तिने भंडाऱ्याच्या नातेवाइकांना फोन करून खिरीसाठी दोन किलो चिन्नोर तांदूळ मागवला आहे. आता मला फक्त एवढे सांगावे की, शिजवलेली खीर तिथे मिळते का, की तांदूळ पुजाऱ्यांकडे द्यावा लागेल?

निवृत्त शिक्षक, दारव्हा

आम्ही दूध बाहेरच्या दुकानातून घेतले होते. मंदिराजवळ दूध, पणत्या आणि पूजेचे साहित्य विकणारे बहुतेक गावातलेच मुसलमान दुकानदार आहेत आणि कोणत्या वस्तू कुठे द्यायच्या हे तेच नीट समजावून सांगतात. तुम्ही श्रीनगरला जिथे उतराल तिथेच सकाळी मायच्या हाताने खीर शिजवून झाकणाच्या डब्यात न्या, आणि उरलेला तांदूळ कोरडाच पुजाऱ्यांना द्या.