मदत हवी आहे: दिल्लीत एका दिवसासाठी खासगी गाईड, बाबांच्या प्रश्नांना पुरून उरणारा

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन दिल्लीला जातोय. एक पूर्ण दिवस फक्त शहरासाठी ठेवलाय आणि त्या दिवसापुरती गाडी आणि सोबत गाईड, दोन्ही खासगी हवंय. आईचं सोपं आहे. तिला राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान आणि कुतुबमिनार दाखवला की ती खूश.

घोडं अडलंय ते बाबांपाशी. निवृत्त झाल्यापासून त्यांनी अठरावं शतक डोक्यावर घेतलंय. वानवडीची शिंदे छत्री तर आमचं दर पाहुण्याला दाखवायचं ठिकाण झालंय. त्यांना दिल्लीत शहाजहान कमी आणि महादजी शिंदे जास्त हवेत. लाल किल्ल्याच्या दिवाण-ए-खासमध्ये उभं राहून 'इथलं चांदीचं छत सदाशिवरावभाऊसाहेबांनी १७६० मध्ये उतरवलं, फौजेचे पगार थकले होते म्हणून' हे त्यांना कुणाच्या तरी तोंडून ऐकायचंय. खरं तर ते स्वतःच गाईडला ऐकवतील, पण गाईडने निदान मान तरी डोलवावी!

तीन-चार ठिकाणी चौकशी केली. सगळीकडून एकच साचा येतो: लाल किल्ला, जामा मशीद, राजघाट, इंडिया गेट, हुमायूनची कबर, लोटस टेंपल, कुतुब, आणि मध्येच 'हँडिक्राफ्ट एम्पोरियम'. दरांचंही काही कळत नाही, एकाचा दर दुसऱ्याच्या सरळ दुप्पट. मागे दुसऱ्या एका शहरात असल्याच गाईडने आम्हाला गालिच्यांच्या दुकानात चहा पाजत बसवून ठेवलं होतं आणि राजवाडा बंद व्हायच्या वेळेला तिथे नेलं. ते पुन्हा नको.

तर प्रश्न असे. मराठी नाही तरी चांगलं हिंदी बोलणारा, वाचलेला गाईड शोधायचा कसा? गाडी आणि गाईड वेगवेगळे ठरवावेत की एकत्र? बाबांचे गुडघे दुखतात, जिने फार चढवत नाहीत, तर काय वगळू? आणि पानिपत त्याच दिवशी बसेल का?

प्रतिसाद

पानिपत त्याच दिवशी अजिबात नको. एका बाजूला नव्वदेक किलोमीटर आहे आणि काला आंब हे लढाईचं स्मारक गावाबाहेर. तिथे गेल्यावर तुमचे बाबा तासाभरात निघतील असं वाटतंय का तुम्हाला? वेगळा दिवस काढा.

प्रतिसाद

मी बरीच वर्षं दिल्लीत राहते, आल्यागेल्या पाहुण्यांमुळे या बाबतीत तयार झालेय.

पहिलं म्हणजे सोमवार टाळा. लाल किल्ला, लोटस टेंपल, अमृत उद्यान, सगळं सोमवारी बंद असतं. कुतुब आणि हुमायूनची कबर उघडी असतात, पण तुमचा मुख्य बेत किल्ल्याचा आहे.

गाडी आणि गाईड वेगवेगळेच ठरवा. एकत्र घेतलं की दुकानाचं कमिशन दोघांत वाटलं जातं आणि मग दोघेही तुम्हाला तिकडेच वळवतात. गाडी पिवळ्या नंबरप्लेटची घ्या. पार्किंग, टोल आणि जादा तासांचे पैसे कोण भरणार ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, आणि 'कुठल्याही दुकानात थांबायचं नाही' हेही त्यातच. गाईडकडे पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र आहे का, ते आधी फोटो मागवून बघा. किल्ल्याच्या दारात 'गाईड, साब, गाईड' करत मागे लागतात त्यांतले सगळेच परवानाधारक नसतात.

वाचलेला आहे की नाही याची परीक्षा फोनवरच घ्या. 'मुघल बादशहा शाह आलमला दिल्लीला परत कुणी आणलं?' एवढंच विचारा. जो लगेच तख्त-ए-ताऊसवर, म्हणजे शहाजहानच्या मयूरासनावर, घसरेल, त्याला नमस्कार करून फोन ठेवा. ज्यांना या विषयात खरंच रस आहे ते उलट तुम्हालाच प्रश्न विचारतात. आणि अशी माणसं दिवसाला दोन गिऱ्हाइकं घेत नाहीत, तेव्हा दर थोडा जास्त पडणारच. तिथे घासाघीस करू नका.

गुडघ्यांसाठी: हुमायूनच्या कबरीचा चौथरा बघायला सुंदर, पण पायऱ्या उंच आणि खड्या आहेत. बाबांना खालच्या बागेतूनच दाखवा. जामा मशिदीच्या पायऱ्याही तशाच. कुतुबचा परिसर बराचसा सपाट आहे, आणि मिनारावर चढायचा प्रश्नच येत नाही. १९८१ मध्ये आत चेंगराचेंगरी झाली तेव्हापासून जिना बंद आहे. लाल किल्ल्यात लाहोरी दरवाजापासून छत्ता बाजारातून बरंच चालावं लागतं, बॅटरीच्या गाडीची चौकशी करा. चांदनी चौकात दिवसा मोटारी सोडत नाहीत, सायकलरिक्षा घ्यावी लागते. आईंना ती आवडेल.

प्रतिसाद

दादा, तुमच्या बाबांशी माझं जमेल! दोन जागा सुचवतो, ज्या नेहमीच्या साच्यात नसतात.

एक, तालकटोरा. १७३७ च्या मार्चमध्ये बाजीराव कालकाजीच्या देवळापाशी येऊन थडकले तेव्हा तिथे जत्रा भरलेली होती. तिथून ते तालकटोऱ्याच्या बाजूला सरकले आणि त्या भागात बादशाही फौजेशी झुंज झाली. त्यांनी धाकट्या भावाला, चिमाजीअप्पांना, लिहिलेल्या पत्रात हे सगळं आहे, बाबांनी वाचलं असेलच. आज तिथे बाग आणि स्टेडियम आहे, लढाईचं काही दिसत नाही. पण राष्ट्रपती भवन शेजारीच असल्यामुळे आईंचं अमृत उद्यान आणि बाबांचा तालकटोरा एका फेरीत होतात. उद्यानाचं बुकिंग ऑनलाइन करता येतं, पैसे पडत नाहीत. तारखा दरवर्षी जाहीर होतात, तेवढ्या बघून घ्या.

दुसरी, मेहरौलीतला जफर महाल. कुतुबपासून जवळ. सुफी संत बख्तियार काकींच्या दर्ग्याला लागून लहानशा संगमरवरी जाळीच्या आवारात शाह आलम दुसरा याची कबर आहे. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतल्यावर ज्याला तख्तावर आणून बसवलं, १७८८ मध्ये गुलाम कादिर या रोहिल्या सरदाराने लाल किल्ल्यातच ज्याचे डोळे काढले आणि मग महादजींच्या फौजेने ज्याला सोडवलं, तोच हा बादशहा. तिथे एक जागा रिकामी आहे, शेवटचा मुघल बादशहा बहादुरशाह जफरने स्वतःसाठी राखलेली. तो १८६२ मध्ये रंगूनला वारला, जागा तशीच राहिली. बाबा तिथे गप्प बसतील असं नाही, पण गाईड नक्की गप्प बसेल. गल्ली अरुंद आहे, गाडी लांब लावावी लागेल.

पटपडगंजची १८०३ ची इंग्रज-मराठ्यांची लढाई म्हणत असतील, तर तिचा स्मृतिस्तंभ नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आत आहे. एका दिवसात तिकडे वाकडी वाट करू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे खूप आभार. बुधवार ठरवतोय. सकाळी लवकर लाल किल्ला, मग अमृत उद्यान आणि तालकटोरा, जेवण, दुपारनंतर मेहरौली आणि कुतुब. हुमायूनची कबर आणि लोटस टेंपल सरळ कापलं. पानिपतसाठी शुक्रवार वेगळा ठेवलाय, त्याला गाईड लागणार नाही, बाबा आहेत.

ताई, तुमचा शाह आलमचा प्रश्न काल दोघांना विचारून पाहिला. एकाने अकबर सांगितलं. दुसऱ्याने 'मराठों ने, पर आप ये क्यों पूछ रहे हैं?' असं विचारलं आणि मग अर्धा तास फोन ठेवेना. त्याचं ओळखपत्र मागवलंय.

एकच राहिलं: किल्ल्यातून अमृत उद्यानाकडे साडेअकराच्या सुमारास निघालो तर ट्रॅफिकमध्ये किती वेळ धरावा? उद्यानाचा स्लॉट त्याप्रमाणे घेतो.