सागवानी कपाटाची बाजू नागपुरात उभी चिरली

प्रश्न :
गेल्या सप्टेंबरात चिपळूणला असताना मी सागवानाचे कपाट स्वतः बनवले. फळ्या जोडून केलेल्या त्याच्या बाजू ४५० मिलिमीटर रुंद असून, खणांच्या आधारासाठी आतून आडव्या पट्ट्या फेविकॉल लावून स्क्रूने आवळल्या आहेत. डिसेंबरात बदलीमुळे कपाट नागपूरला आणले आणि एप्रिलअखेर डावी बाजू खालून हातभर चिरली, तीही जोडावर नव्हे तर मधल्या अखंड फळीत. लाकूड वर्षभर वाळवलेले होते, पॉलिशही दोन्ही अंगांनी केले होते. मग चुकले कुठे?

उत्तर १ :
दोष लाकडाचा नसून पट्ट्यांचा आहे. फळी रुंदीत फुगते-आखडते, लांबीत जवळजवळ मुळीच नाही. त्यामुळे आडव्या पट्टीने बाजूला आखडू दिले नाही आणि बाजू चिरली. पृष्ठभागावर कमानीसारख्या रेघा दिसणारी सागाची फळी, ओल एक टक्क्याने घटली की रुंदीत सुमारे ०.१९ टक्के आखडते; सरळ समांतर रेघांची फळी त्याच्या साधारण निम्मी. कोकणात १५ टक्के असलेली ओल विदर्भाच्या उन्हाळ्यात ७ टक्क्यांवर आली असे धरले, तर तुमच्या बाजूला साडेसहा मिलिमीटरहून अधिक आखडायचे होते. वाळवलेले लाकूडही हवेनुसार ओल घेते आणि सोडते. पॉलिशने त्याचा वेग मंदावतो, इतकेच.

उत्तर २ :
फटीत लांबी (पुट्टी) भरू नका. पावसाळ्यात लाकूड फुगले की ती पाचरीसारखी आत ठोसेल. आधी पट्ट्या पटाशीने सोडवा, मग फटीत फेविकॉल उतरवून शिकंज्याने आवळा. पट्टी पुन्हा बसवताना फक्त पुढच्या टोकाला दोन बोटे फेविकॉल आणि एक स्क्रू द्या, म्हणजे बाजूची पुढची कड दाराशी जुळलेली राहील. मागच्या स्क्रूंसाठी पट्टीत तिच्या लांबीच्या दिशेने लांबट भोके पाडा आणि वॉशर घालून बेताने आवळा.

प्रश्नकर्ता :
आभार. पट्ट्या काढताच फट बरीचशी आपोआप मिटली. दारेही भरीव सागाचीच करायची आहेत, त्यांचे काय?

उत्तर २ :
चौकटीला खाच पाडून पॅनेल तिच्यात सैल ठेवा आणि फेविकॉल केवळ चौकटीच्या सांध्यांना लावा. जुन्या वाड्यांच्या दारांतले पॅनेल हाताने हलवून पाहा, अनेकदा ते खडखडते. लोक त्याला सुताराचा हलगर्जीपणा समजतात. आता उन्हाळ्यात बनवणार असाल, तर खाचेत दोन्ही कडांना फुगायला जागा सोडा. पॅनेलला पॉलिश मात्र बसवण्यापूर्वीच करा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात ते आखडल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची फिकट रेघ दिसेल.