मदत हवी आहे: लेगोमधल्या इंग्लिश हवेलीचा मध्य जुळत नाहीये

अठराव्या शतकातल्या पॅलेडियन (इटालियन वास्तुकार पॅलाडिओच्या धर्तीवरच्या) शैलीची एक काल्पनिक इंग्लिश हवेली लेगोमध्ये डिझाइन करतेय. डर्बीशरचा केडलस्टन हॉल डोळ्यासमोर आहे, कोलकात्याचं राजभवन (आताचं लोकभवन) ज्याच्या धर्तीवर बांधलं तोच. पण नक्कल नकोय. घर, त्याचं घराणं, सगळं माझ्या मनातलं.

48 बाय 48 स्टडच्या (लेगोवरच्या गोल उंचवट्यांच्या) बेसप्लेटवर, म्हणजे पायाच्या सपाट पाटीवर, साधारण 38 सेंटिमीटरमध्ये मधली इमारत बसवायची आहे. खरी अडचण दर्शनी भागात आहे. सहा खांब, 1 बाय 1 च्या गोल विटांचे, मध्ये एकेक स्टडची फट. एकूण रुंदी 11 स्टड, विषम. बेसप्लेट सम, त्यामुळे मध्य अर्ध्या स्टडने, 4 मिलिमीटरने सरकतो. या शैलीत डावं-उजवं तंतोतंत जुळलंच पाहिजे, नाहीतर सगळी शान जाते.

खांब, दरवाजा आणि मागची भिंत जंपर प्लेटवर (मधोमध एकच स्टड असलेल्या, वरचा भाग अर्धा स्टड सरकवणाऱ्या प्लेटवर) घ्यावी, की अख्खी इमारतच 47 स्टडची करावी? मधली फट 2 स्टडची केली तर गणित सुटतं, आणि दारासमोरची फट जरा रुंद ठेवणं या शैलीत चालतंही. पण इतक्या लहान मापात ती दुप्पट रुंदी डोळ्यांना खुपेल असं वाटतं.

दुसरं, खांबांवरचा त्रिकोणी माथा. 33 अंशांचे स्लोप (तिरक्या उताराच्या विटा) लावले की तो उतरत्या कौलांच्या घरासारखा दिसतो. बिजागरीच्या प्लेटने चढ कमी करून कोणी बसवलाय का? टोकांच्या फटी कशा झाकल्या? फोटो असेल तर नक्की टाका. रंग टॅन ठरलाय.