चौदा वर्षांची मुलगी मराठी पुस्तकाची वाट का पाहत नाही?

कर्वेनगरची मावशी

मार्च २०२५ मधली गोष्ट. भाचीची आठवीची वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. बहिणीच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर कधी लावला, सगळं त्याच्यावर. त्यात १८ तारखेभोवती जांभळ्या स्केचपेननं गोल. मला वाटलं रंगपंचमी असेल, पण ती १९ ला होती. विचारलं तर म्हणाली, "सनराइज ऑन द रीपिंग येतंय."

हंगर गेम्सच्या मालिकेतलं नवं पुस्तक. मुलांना रिंगणात सोडून एकमेकांना मारायला लावणाऱ्या खेळाची गोष्ट. जाहीर झालं जून २०२४ मध्ये, म्हणजे पोरगी नऊ महिने थांबली होती. वाढदिवसाचे पैसे बाजूला ठेवून, आईच्या फोनवरून आधीच नोंदवून. मालिकेतलं पहिलं पुस्तक २००८ चं, तेव्हा हिचा जन्मही झाला नव्हता. खोकं आलं संध्याकाळी, वॉचमनकाकांकडे. तिनं चिकटपट्टी सुरीनं कापली नाही, नखानं सोलली. कव्हरला ओरखडा नको. मग उठून हात धुऊन आली. जेवायच्या आधी हात धू म्हणून जिला दहादा सांगावं लागतं, ती!

गंमत म्हणजे गोष्टीचा शेवट तिला आधीच माहीत होता. हे पुस्तक मूळ कथेच्या चोवीस वर्षं आधीचं, पन्नासाव्या खेळाचं. त्यात दरवर्षीच्या चोवीसऐवजी अठ्ठेचाळीस मुलं उतरवतात, आणि जिंकणारा हेमिच पुढे कसा दारूत बुडतो ते वाचकांनी जुन्या पुस्तकांत पाहिलेलं असतं. तरी नऊ महिने मैत्रिणींशी वाद चालू होते: तो जिंकला कसा, कोणाला गमावून जिंकला. त्या वादांसाठी मूळ कथेचे तिन्ही भाग पुन्हा वाचून झाले. वाट पाहणं म्हणजे नुसतं थांबणं नसतं हे मला तेव्हा कळलं.

आता मुद्दा. ही मुलगी मराठी वाचते. घरी बोलतेही मराठीच. पण एखाद्या मराठी पुस्तकासाठी तिनं कॅलेंडरवर गोल केल्याचं मला आठवत नाही. माझं म्हणणं, दोष तिचा नाही. दहा वर्षांपर्यंत आपण बालसाहित्य देतो आणि मग एकदम मोठ्यांच्या कपाटाकडे बोट दाखवतो. मधल्या बारा ते अठरासाठी तीच चार जुनी नावं. नवं काही येणारच नसेल तर वाट कशाची पाहायची?

सदाशिवातला वाचक

असहमत. बारा ते अठरासाठीचं "यंग अॅडल्ट" हे दुकानदारांनी केलेलं फडताळ आहे. आम्ही तेराव्या वर्षी नगर वाचन मंदिरातून हाताला लागेल ते आणत होतो. निम्मं कळायचं नाही, आणि न कळलेलंच लक्षात राहिलं. वयानुसार पुस्तक म्हणजे वयानुसार चपला; मुलं वाढली की पुस्तक टाकून देणार.

आणि हे नऊ महिने थांबणं वगैरे काय? आधी तारीख जाहीर करायची, मग मुखपृष्ठ, मग एक प्रकरण, मग कडा रंगवलेली खास आवृत्ती. याला वाचनसंस्कृती म्हणत नाहीत, जाहिरात म्हणतात. आमच्याकडे बालभारतीचा "किशोर" यायचा. नोव्हेंबर १९७१ मध्ये पहिला अंक निघाला तेव्हा मी दहा वर्षांचा. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की जिन्यावरून धावत खाली, आणि धाकट्याच्या आधी अंक पळवायचा.

साडेचारची रांग

काका, पोस्टमनकडे धावत जाण्याला काय म्हणायचं मग? :)

तुम्ही तारखेचीच वाट पाहत होता की. फक्त तारीख बालभारतीनं ठरवलेली होती.

मी २१ जुलै २००७ ला सातवं हॅरी पॉटर घ्यायला उभा होतो. लंडनमध्ये मध्यरात्र उलटून एक मिनिट, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ४ वाजून ३१ मिनिटं. वडिलांची स्कूटर, दोघांत एकच रेनकोट. वडिलांनी आयुष्यात इंग्रजी कादंबरी वाचली नव्हती, ते रांगेत कोणालातरी विचारत होते, "एवढं काय आहे हो त्यात?" पुढच्या काकूंनी त्यांना अर्धा तास सगळी कथा सांगितली, सहा भागांची. परत येताना बाबांनी मला विचारलं, "तो स्नेप चांगला की वाईट, ते आज कळणार ना?" वाचनसंस्कृती म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी वडील आणि मी एकाच गोष्टीबद्दल बोललो, हे आमच्याकडे क्वचित व्हायचं.

आणि "दुकानदारांचं फडताळ" हेही अर्धवट. अमेरिकेत तरुण वाचकांचा हा वेगळा गट आधी ग्रंथपालांनी मानला. तिथल्या ग्रंथालय संघटनेनं १९५७ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग काढला. दुकानदार नंतर आले. नेहमीप्रमाणे.

कर्वेनगरची मावशी

(लॉगिन मावशीचं, लिहितेय भाची.)

मी वाचलं सगळं. मला थोडं बोलायचंय.

मावशी म्हणते मराठीत नवीन काही नाही म्हणून मी वाट पाहत नाही. तसं नाहीये पूर्ण. जे येतं त्यात मी नसते. आमच्या वयाच्या मुलांवरची जी पुस्तकं मोठी माणसं देतात ती सगळी त्यांच्या लहानपणाची असतात. मिलिंद बोकिलांचं "शाळा" मी गेल्या वर्षी वाचलं, आवडलं मला, खरंच. पण ते आणीबाणीतलं आहे. मुकुंदाचा सगळा प्रश्न शिरोडकरला बघायचं कसं हा आहे. आमच्याकडे उलटं आहे. कोण रात्री दीडला ऑनलाइन होतं ते सगळ्या वर्गाला दिसतं, कोणी मेसेज वाचला आणी उत्तर दिलं नाही ते दिसतं, ग्रुपमधून कोणाला काढलं ते दिसतं. लपायला जागाच नाही. ह्याच्यावर कोणीतरी मराठीत लिहा ना. आणी शेवटी मोबाइल वाईट असतो हे आजोबांनी समजावून सांगायला नको.

फास्टर फेणे तर मला आवडायचाच, त्याच्या फुरसुंगीला जाऊन आलोय आम्ही. पण तो कधी कोणावर चिडून रात्रभर जागा राहत नाही.

सदाशिवातला वाचक

"आणि" ऱ्हस्व. दोनदा चुकलं आहे.

कर्वेनगरची मावशी

(भाची.) ह्याच कारणासाठी मी गोष्टी इंग्लिशमध्ये लिहिते.

फळा आणि खडू

काका, एवढ्या मोठ्या मजकुरातून तुम्हाला तेवढंच दिसलं?

तरीही मी मावशींच्या विरुद्धच बोलणार आहे. मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, सिंहगड रस्त्याच्या बाजूला. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे तास आहे, पुस्तक आहे, परीक्षा आहे. आणि आठवीतला चुणचुणीत मुलगा "प्रत्युत्तर" शब्दापाशी येऊन थांबतो, जसा कुणी रस्ता ओलांडायला थांबतो तसा. बोलतो फडाफडा. वाचताना मिनिटाला एक खड्डा. अशा मुलाला तुम्ही तीनशे पानांची झकास मराठी कादंबरी दिलीत तरी तो विसाव्या पानावर दमणार. इंग्रजी कादंबरी तो दोन दिवसांत संपवतो कारण तिथे तो मुरलेला आहे. प्रश्न पुस्तक नसण्याचा नाही, सवय नसण्याचा आहे. आधी सवय, मग कादंबऱ्या.

साडेचारची रांग

बाई, सवय कशानं लागते? पाठातल्या प्रश्नोत्तरांनी? मला इंग्रजी येत नव्हतं. मी मराठी माध्यमाचा. पॉटरचा चौथा भाग डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचला, कारण पुढे काय झालं हे कळल्याशिवाय झोप येत नव्हती. गोष्टीची ओढ आधी, सवय नंतर. तुमचा तो मुलगा "प्रत्युत्तर"पाशी अडतो कारण पुढे काय होणार याची त्याला पर्वाच नाही.

फळा आणि खडू

तुम्ही डिक्शनरी घेऊन बसलात कारण इंग्रजी आलं की नोकरी मिळते हे घरात रोज ऐकत होता. मराठीसाठी कोण डिक्शनरी घेऊन बसेल? ओढ एकटी पुरत नाही. (चौथा भाग मलाही सगळ्यात आवडतो, ते वेगळं.)

अप्पा बळवंतातला

मी दुकानात बसतो, म्हणून थोडा व्यवहार.

दहावी-बारावीची गाइडं जूनमध्ये दुकान चालवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. कथा-कादंबरीच्या फळीवर हल्ली पंधरा-सोळाच्या मुली येतात. पुस्तकाचं नाव सांगत नाहीत, फोनवर रील दाखवतात: "हे आहे?" टिकटॉक आपल्याकडे २०२० मध्ये बंद झालं, पण तिकडचे व्हिडिओ इन्स्टावर येतातच. मी मुखपृष्ठ ओळखायला शिकलोय. साडेचारशे-पाचशे रुपये न कुरकुरता देतात. त्याच घरातला बाप दीडशे पानांचं मराठी पुस्तक उचलतो, मागची किंमत बघतो, अडीचशे, आणि "फार महाग झालीत हो पुस्तकं" म्हणत ठेवून देतो. हे माझ्यासमोर आठवड्यातून दोनदा होतं.

तारखेचं म्हणाल तर मराठीत आगाऊ नोंदणी नव्हती असं नाही. "प्रकाशनपूर्व सवलत" हा शब्द आपल्याकडे जुनाच आहे. लोक पैसे भरून वर्ष-वर्ष थांबलेत. पण कशासाठी? कोशांसाठी, चरित्राच्या खंडांसाठी, समग्र वाङ्मयासाठी. म्हणजे वाट पाहणारा गिऱ्हाईक साठीच्या पुढचा. किशोरवयीन कादंबरीला प्रकाशनपूर्व सवलत दिलेली मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिली नाही. ती येते कशी? एक दिवस टेम्पोतून गठ्ठा उतरतो, दोरी कापतो, तेव्हा मलाच कळतं की असं पुस्तक निघालंय. मला जे माहीत नाही त्याची ती पोर काय वाट पाहणार?

आणि ठेवू कुठे? लहान मुलांच्या फळीवर ठेवलं तर चौदा वर्षांची तिथे फिरकणार नाही. मोठ्यांच्या फळीवर ठेवलं तर हरवतं. काकांना फडताळ नको आहे, मला हवंय.

सदाशिवातला वाचक

विक्रेत्यांचा मुद्दा मान्य. प्रकाशनपूर्व सवलतीत मीही एकदा चार खंड घेतले होते, पाचवा आलाच नाही.

पण मूळ आक्षेप तसाच आहे. त्या मुलीनं लिहिलं, "त्यात मी नसते." पुस्तकात आपण असायलाच हवं हा हट्ट कशासाठी? मी ज्या गोष्टी वाचून मोठा झालो त्यांत मी कुठेच नव्हतो. समुद्र नव्हता पाहिला आणि बोटींच्या गोष्टी वाचत होतो. पुस्तक म्हणजे आरसा नव्हे.

कर्वेनगरची मावशी

(परत भाची.)

आजोबा, हंगर गेम्समध्ये तरी मी कुठे आहे? मला कोणी रिंगणात सोडलेलं नाही. धनुष्यबाण तर मी जत्रेतला सोडून हातात घेतलेला नाही. पण मोठी माणसं खोटं बोलतायत हे कळल्यावर पोटात काय होतं, ते त्यात बरोबर आहे. मला आरसा नकोय. मला तेवढं बरोबर हवंय. आणि (बघा, ऱ्हस्व) मराठीत.

वारज्याची

बरेच दिवस नुसती वाचत होते, आता लिहिते.

मी अशी कादंबरी लिहिली आहे. नायिका पंधरा वर्षांची, वारज्यात राहते, आईवडील वेगळे होण्याच्या बेतात आहेत आणि ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे पण कोणी बोलत नाही. एका प्रकाशकांकडे दिली. त्यांनी खरंच मन लावून वाचली, हे आधी सांगते. मग फोन आला. पहिलं, मुलं "भाई", "यार" बोलतात ते कमी करा. दुसरं, पाळीचं प्रकरण काढा. तिसरं, शेवटी आईवडील एकत्र येऊ देत. मी विचारलं का. म्हणाले, "ताई, पुस्तक मुलगी विकत घेत नाही. आई घेते, नाहीतर शाळेचं ग्रंथालय घेतं. हजार प्रतींची आवृत्ती काढायची तर शाळांना चालायला नको का?"

मी त्यांना दोष देऊ शकत नाही, त्यांचं गणित बरोबर होतं. इथे तुम्ही फडताळ, सवय, जाहिरात यांवर भांडताय, पण अडलंय ते इथे: वाचणारी वेगळी आणि पैसे देणारी वेगळी. इंग्रजीत तीच मुलगी वाढदिवसाच्या पैशानं स्वतः विकत घेते आणि आई आत काय आहे ते उघडून बघत नाही. मराठी पुस्तक मात्र आई आधी वाचते. भाषा येते ना तिला.

कर्वेनगरची मावशी

ही मी, मावशीच. शेवटचं वाक्य वाचून बहिणीला फोन केला. तिनं हंगर गेम्सचं एकही पान उघडलेलं नाही. मुलं एकमेकांना मारतात म्हटल्यावर म्हणाली, "अगं बाई!" आणि मग, "इंग्रजी सुधारतं ना पण."

फळा आणि खडू

वारज्याच्या ताई, पाळीचं प्रकरण काढू नका. आमच्या ग्रंथालयाच्या खरेदीच्या यादीवर सही माझी असते. मुख्याध्यापकांशी भांडण होईल, होऊ दे.

सवयीबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही. प्रकरणं लहान ठेवा. सात-आठ पानांची.

अप्पा बळवंतातला

पाच प्रती माझ्याकडे लावा, काउंटरजवळ. पाटी मी हातानं लिहीन. फक्त गठ्ठा येण्याआधी सांगा.

सदाशिवातला वाचक

आईवडील शेवटी एकत्र येतात की नाही?

वारज्याची

तेच तर सांगणार नाही, काका. दुसरे एक प्रकाशक तयार आहेत. फार काही काढायला लावलेलं नाही, "भाई" निम्मे केलेत.

कर्वेनगरची मावशी

(भाची.) कधी येणार?

वारज्याची

दिवाळीपर्यंत येईल बहुतेक.

कर्वेनगरची मावशी

कुठल्या दिवाळीपर्यंत? तारीख सांगा. स्केचपेन हातात आहे.